योगायोगाची जबाबदारी

कोणत्याही संस्थेत चूक कुणाची हे आधी ठरवावं लागतं. चूक कोणती हे मग सवडीने शोधता येतं. या बाबतीत आमची शाळा आदर्श आहे.

यंदा भाषेच्या पेपरात अ तुकडीची सरासरी ६१.८ आली, ब तुकडीची ५९.४. दोन्हीकडे तीस-तीस मुलं. (तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या असतात, हे पालकांना सांगायचं नसतं.) फरक २.४ गुणांचा, म्हणजे निबंधाचा एखादा परिच्छेद. तेवढ्यावरून ब तुकडीच्या पालकांची तक्रार आली आणि त्या तुकडीच्या बाईंना कायम करावं की घरी पाठवावं, यासाठी समिती नेमली. बाई सहा वर्षं तात्पुरत्या आहेत.

गणिताच्या सरांना राहवलं नाही. त्यांनी साठ मुलांचे गुण साठ चिठ्ठ्यांवर लिहिले, त्या बिस्किटांच्या डब्यात टाकून हलवल्या आणि डोळे मिटून तीस चिठ्ठ्या 'अ' म्हणून काढल्या. उरल्या त्या 'ब'. दोन सरासऱ्यांतला फरक आला ३.१. पुन्हा डबा हलवला, ०.७. मग हेच काम संगणकाकडून हजार वेळा करून घेतलं. ३७१ वेळा फरक २.४ किंवा त्याहून जास्त.

"डब्याने कुणाला शिकवलं नाही," सर समितीला म्हणाले, "तरी तीनातून एकदा एवढा फरक पडतोच. यात बाईंचा काय दोष? हा निव्वळ योगायोग आहे."

बाईंचा चेहरा खुलला. मलाही मनापासून बरं वाटलं. (इतिवृत्त मीच लिहितो; त्यात बरं वाटण्याचा रकाना नाही.)

समितीने सरांचं म्हणणं एकमताने मान्य केलं. ठराव असा : फरक योगायोगाने पडल्याचे सिद्ध झाले आहे. सबब, सदर योगायोगाची जबाबदारी निश्चित करण्यात यावी. ती अर्ध्या मिनिटात बाईंवर निश्चित झाली.

"अहो, योगायोग दोन्ही तुकड्यांत मिळून घडतो!" सर कळवळून म्हणाले.

"मग अ तुकडीची तक्रार कशी नाही आली?" अध्यक्षांनी विचारलं. डबा पुरावा म्हणून जप्त झाला.

जाताना वर्गाच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून बाई एवढंच म्हणाल्या, "सुरुवातीला तुकड्या पाडताना चिठ्ठ्यांचा डबा आणखी एकदा हलवला असता, तर हो?"

पुढच्या वर्षासाठी अर्ज आले आहेत साठ. त्यांपैकी अठ्ठावन्न पालकांनी 'अ तुकडीच हवी' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली आहे. तुमचाही अर्ज त्यात आहे. बाईंची हकिगत वाचून तुम्हाला हळहळ वाटली असेल, वाटणारच. अर्ज बदलायचा असेल तर माझी खिडकी पाच वाजेपर्यंत उघडी असते. अद्याप कुणी आलेलं नाही.