ढगेमामांची अळंबी

आमच्या मोशीतल्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की इतर लोक त्यांना चहाला बोलावतात. ढगेमामा स्वतःच त्यांच्याकडे जातात आणि विचारतात, "बाथरूम बघू का?"

मग खिशातून भिंग काढायचं, स्टुलावर चढायचं आणि छताच्या कोपऱ्यातला काळा डाग न्याहाळायचा. नवी सून असो की आयटीवाला, सगळ्यांना सल्ला एकच : "घाई नगं. आधी वळख करून घ्या, मग पुसा." तक्रारी येतात माझ्याकडे, कारण मी सेक्रेटरी. निवडणूक वगैरे काही लढवली नव्हती. मीटिंगला दहा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर झालो होतो.

मामा मूळचे इथलेच. आमची सोसायटी उभी आहे तीच मुळी त्यांच्या शेतावर. बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले. पुढे चाकणच्या कंपनीतून ते निवृत्त झाले आणि नातीचं जीवशास्त्राचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. नात कॉमर्सला गेली. मामा बुरशीच्या धड्यातच राहिले.

"बुरशी झाड न्हाई आन् जनावर बी न्हाई," ते लिफ्टमध्ये सांगतात. "झाड उन्हावर आपलं अन्न शिजवतं. हिला त्ये जमत न्हाई. ही दुसऱ्याच्या अन्नावर बसती, भाईरच पचवती, मग शोषून घेती. पाव फुगवती ती बी हीच, आन् तुमच्या बोटांत खाज उठवती ती बी हीच."

चौथा मजला येतो. मी उतरतो. मी सातव्यावर राहतो.

पण घरीही सुटका नाही. एकदा आमची सुनीता गोड्या मसाल्याचं सामान निवडत होती. मामांनी ताटातलं दगडफूल उचलून भिंगाखाली धरलं.

"वहिनी, ह्ये फूल न्हवं बरं का. बुरशी आन् शेवाळ यांचा संसार हाय. शेवाळ सैपाक करतं. बुरशी आपली घराला धरून बसती."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. "बसलीय खरी," ती म्हणाली.

इथवर मी सहन केलं. पण बी विंगच्या मागे कोपऱ्यात एक वारूळ आहे. कमिटीने ठरवलं, वाळवीचं औषध मारायचं, जागा सपाट करायची आणि पेव्हर ब्लॉक टाकून पाहुण्यांच्या गाड्यांची सोय करायची. ज्या सकाळी जेसीबी आला, त्या सकाळी मामा वारुळापुढे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेले.

"मामा, उठा राव."

"पंधरा दिस द्या. अळंबी येऊ द्या."

"अहो, बाजारात ढिगानं मिळतं मश्रूम! मी आणून देतो."

"त्ये बटणं न्हवं. ही वाळवीची शेती हाय. खाली ती बुरशी पिकवती, काडीकचरा खाऊ घालती, आन् तिच्यावरच जगती. श्रावणात वर दिसतं त्ये निस्तं फळ. खरी बुरशी समदी खाली, सुतावानी पसरल्याली. खालचं मारलं का संपलं." मग जेसीबीवाल्याकडे वळून म्हणाले, "या जागंत येवडीच एक शेतकरीण ऱ्हायलीय भावा, जिनं जमीन इकली न्हाई."

जेसीबीवाला हसत हसत परत गेला. व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी जी शोभा झाली, ती इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की 'सेक्रेटरी आहेत की वाळवीचे वकील?' हा त्यातला सर्वांत सभ्य प्रश्न होता.

दहाव्या दिवशी वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवल्या. मामांनी स्टीलचा डबा भरला आणि थेट माझ्या दारात. एवढा अपमान सोसल्यावर निदान एक भाजी तरी माझ्या वाट्याला येईल, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

"चऱ्होलीला सोडता का स्कूटरवर?" मामा म्हणाले.

मी चडफडत कंपनीत फोन केला, उशीर होईल म्हणून. आणि निघालो.

चऱ्होलीत एका जुन्या घरासमोर त्यांनी थांबायला सांगितलं. डबा माझ्या हातात दिला. "तुमी देऊन या. मी हितंच हाय."

"कुणाचं घर?"

"भनीचं. सुलीचं." ते रस्त्याकडे बघत राहिले. "जमिनीच्या सह्यांच्या वक्ताला बोलणं तुटलं. मीच नगं त्ये बोललो. तवापासनं दर साली डबा वरच्या पायरीवर ठिवून येतो. औंदा गुडघा पायऱ्या चढू दीना." स्टुलावर चढताना हा गुडघा कधी कुरकुरला नव्हता. मग म्हणाले, "ल्हानपणी वारूळ तिलाच घावलं हुतं."

मी पायऱ्या चढलो. साठीच्या एका बाईंनी दार उघडलं. मी कोण, हेही त्यांनी विचारलं नाही. डबा घेतला, झाकण काढून वास घेतला. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली.

"वारूळ हाय का आजून?"

"आहे," मी म्हणालो. आणि कमिटीला न विचारता पुढे म्हणालो, "राहील."