कुंपणाला हरकत

सख्ख्या चुलत्याच्या दशक्रियेला बबनतात्यांनी हरकत घेतली होती. पुढारी माईकवर "परोपकारी, निर्व्यसनी व्यक्तिमत्त्व" म्हणत होते, तेवढ्यात तात्या गर्दीतून उठले. "माझी हरकत हाय. चुलता माझा व्हता. निर्व्यसनी तेवढं काढा, बाकी चालू द्या."

पुढाऱ्यांनी काढलं. मग बोलायला फारसं उरलंच नाही.

तात्यांचं असंच. ग्रामसभेत हरकत, सप्ताहात आमटी पातळ म्हणून हरकत, एसटीच्या कंडक्टरनं घंटी लवकर मारली म्हणून हरकत. त्यांना जेवायला बोलवायचं म्हटलं की गावातल्या बाया आधी भाजीचं मीठ बघतात. मला मात्र असाच माणूस हवा होता.

कारण आमची संघटना म्हणजे मी, माझी स्कूटी आणि डिकीत उरलेली पत्रकं. तालुक्याच्या नगरपालिकेचा कचरा डेपो आमच्या माळावर वर्षानुवर्षं बिनपरवाना चालू आहे. नियम काय म्हणतो? प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र पाहिजे. काळं पाणी जमिनीत मुरू नये म्हणून कचऱ्याखाली अस्तर पाहिजे. भोवती कुंपण, फाटक आणि परक्या माणसाला आत बंदी पाहिजे. आमच्या डेपोकडे काय आहे? पाटी आहे. तीही वाकडी. हे मी इतक्यांदा ओरडून सांगितलंय की आता माझं मलाच ऐकवत नाही.

तात्यांचं रान डेपोला लागून. विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. बायको वारली, मुलगा सुप्याला कंपनीत. तो फोनवर म्हणतो, "दादा, इकडं राहायला या." त्यालाही तात्यांची हरकत. मी त्यांना नियम वाचून दाखवायची. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "पोरी, ह्यात हरकत घ्यायला जागाच न्हाई. कायदा ब्येस हाय. पाळनारी मानसं भिकार हायेत."

शेवटी नगरपालिकेनं डेपो वाढवायला अर्ज केला आणि त्यावर जनसुनावणी लागली. लोकांच्या हरकती ऐकायच्या, मग परवानगी द्यायची का आणि कुठल्या अटींवर, हे ठरणार. समोर मंडळाचे साहेब, पुढ्यात रिकाम्या खुर्च्या. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं बाहेर भेळेच्या गाडीभोवती. घसा फोडून मी एकेक अट मांडत होते आणि साहेब "घेतलं, घेतलं" म्हणत होते. अस्तर घेतलं. झाडांचा पट्टा घेतला. कुंपण घेतलं.

"थांबा," तात्या उठले. "कुंपनाला माझी हरकत हाय."

"उंची कमी पडते का बाबा?" साहेबांनी विचारलं.

"कुंपनच नगं. माझ्या बाजूनं तर न्हाईच न्हाई. बाकी समदं लिवा."

"तात्या, खाली बसा!" मी ओरडले.

"का? हरकती घ्यायलाच बोलावलंय न्हवं?"

नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांचा चेहरा दिवाळसणाच्या जावयासारखा खुलला. कुंपणाचा खर्च वाचत होता. "गावकऱ्यांचीच हरकत आहे साहेब. नोंद घ्यावी." नोंद झाली. मंत्रालयापर्यंत चपला झिजवून मी लावून धरलेली अट माझ्याच माणसानं पाडली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी भांडायला त्यांच्या रानात गेले. डेपोपासून थेट त्यांच्या छपरापर्यंत एक पायवाट मळलेली होती. तिच्यावरून कचरा वेचणाऱ्या बाया पोती घेऊन येत होत्या. डेपोवर ना सावली, ना पाण्याचा थेंब. इथं छपराखाली तात्यांनी गावातून एम-एटी गाडीवर आणलेले पाण्याचे कॅन, चुलीवर चहा आणि मांडणीवरचे पुसून ठेवलेले कप.

"उशीर का?" तात्या बायांवर खेकसले. "हरकत हाय माझी."

"ती हरकत च्यात टाका तात्या," एक म्हातारी म्हणाली, "साखर कमी हाय." मग माझ्याकडे वळली. "पावसात आमी हितं च्याला आलो न्हाई, तर हा बाबा चिखल तुडवत डेपोवर भांडायला आल्ता. का आल्या न्हाईत म्हून."

तात्या चुलीत उगाच फुंकर मारत बसले.

"तात्या, नियमात यांना ओळखपत्र द्यायचंही लिहिलंय," मी म्हणाले. "फाटकातून रीतसर येता-जाता येईल."

"लिवलंय ना? कोन दिनार? कुंपन तेवढं दोन दिसांत हुईल बघ. कारड काय मी मेल्यावर?"

 सवयीनं माझा आवाज चढला. "पण तुमच्यामुळे सगळ्या गावाचं..."

तात्यांनी हात वर केला. कोपऱ्यात एक तरणी बाई चपला उशाशी घेऊन आडवी झाली होती. तिच्या तोंडावरच्या माश्या ते खांद्यावरच्या टॉवेलनं हाकलू लागले.

"हळू बोल पोरी," ते म्हणाले. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."