तात्याचा अळणी नवस

तात्या परब रोज माझ्या दुकानात येऊन एका टोपाचा भाव पाडायचा आणि टोप न घेताच निघून जायचा. माझं भांड्यांचं दुकान घाटकोपरच्या टेकडीवर, चढाच्या मध्यावर. फूटपाथवर स्टोव्हच्या पिना विकत मी इथवर आलोय. घासाघीस हा माझा धंदा, आणि हा माणूस ती माझ्याकडून फुकटात करून घ्यायचा.

"शेट, तळ बघ ह्या टोपाचो. ह्याच्यापरास पापड जाड!"

"घ्यायचा तर घे तात्या, नाहीतर चल फूट."

"रागावतंस कित्याक? भाव सांग ना."

मी भाव सांगितला की तो छातीवर हात ठेवून डोळे मिटायचा, जणू घरातलं कोणी गेलं. बराच वेळ गप्प. मग हळूच स्वतःचा आकडा. पुन्हा गप्प. समोरचा गप्प बसला की विकणारा मोडतो, हे मी धंद्यात शिकलोय. त्यामुळे मनातून मी त्याला उस्ताद मानायचो आणि तोंडावर शिव्या घालायचो. शेवटी मी नमलो की "उद्या बघतंय" म्हणून स्वारी पुढच्या दुकानात. उभी असलेली गिऱ्हाइकं मग त्याच भावावर अडून बसायची. माझी वाट लागायची. तो राग अजून गेलेला नाही.

एका सकाळी माझं डोकं फिरलेलंच होतं. त्याने टोप उचलताच मी म्हणालो, "तुझाच भाव. घे आणि नीघ!"

तात्या गडबडला. "असो कसो? तू नाय म्हण ना!"

"नाही म्हणणार नाही. चल, उचल."

टोप घेऊन तो बाहेर पडला, टेकडीवरच्या घराकडे जरासा चढला आणि मटकन खाली बसला. ओठ निळे. पाय असे सुजलेले की बोट दाबलं तर खड्डा राहावा. दुकानादुकानांत तो भाव करत नव्हता, दम खात होता. मी भाव मान्य करून त्याचा थांबाच काढून घेतला होता.

रिक्षात घालून डॉक्टरकडे नेला. तात्या जुना गिरणी कामगार हे कळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "गिरणीत कुठल्या खात्यात होतात?"

"कार्डिंगात, कापूस पिंजतत थंय. नुसती कापसाची धूळ."

"त्या धुळीने फुफ्फुसं खराब झालीत. त्यांतून रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. ती बाजू आता थकलीय. म्हणून पाणी पायात उतरतं."

"म्हंजे कापूस खाल्ल्यान फुफ्फुसान, आणि ओव्हरटाइम करता काळीज?"

"तसंच. मीठ बंद, धूर बंद, गोळ्या चालू."

बाहेर येताच तात्याने माझा हात धरला. "घरात बोलू नको हां, शेट."

संपानंतर गिरणी सुटली, तेव्हापासून त्याची बायको शेवंताकाकी खोलीत खाणावळ चालवायची. दोन भुशाच्या शेगड्या, दिवसभर धूर.

"तिका कळला तर आजच शेगडी विझवीत. आयुष्यात पयल्यांदा कोणीतरी तिका मालकीणबाई म्हणता. ता बंद पडता नये."

मग या पठ्ठ्याने घरी जाऊन सांगितलं की गावच्या देवाला नवस बोललोय, यापुढे अळणी जेवणार. साक्षीदार कोण? मी! विचारलंसुद्धा नाही. सुक्या बांगड्यावर जीव टाकणारा हा माणूस बिनमिठाची पेज पिऊ लागला. शेगड्या पेटल्या की बाहेर पडायचा आणि खाली माझ्या स्टुलावर येऊन बसायचा. पायांची सूज उतरली, पण धाप काही जाईना. तात्या म्हणायचा, "ती म्हणता, मी हटूचंय नाय."

महिन्याभराने तो असाच बसलेला असताना काकी दुकानाशी आली. मोठ्या डब्यांच्या मागे तिला तो दिसला नाही.

"भाऊ, ह्यांचो नवस कधी फिटतलो?"

"का काकी?"

"अळणी भात घशाखाली उतरत नाय हो. घरात एकट्यान नवस करूक नये, म्हणून मीय तसाच खातंय."

ती गेली. मी तात्यावर खवळलो. "ऐकलंस? आता तू सांगतोस की मी सांगू?"

"मीच सांगतंय," म्हणाला आणि उठला.

काकीने खाणावळ बंद केली नाही. तिने तात्याला सडकून शिव्या दिल्या आणि जेवायला येणाऱ्या गड्यांना कामाला लावून दुसऱ्याच दिवशी शेगड्या खोलीमागच्या मोकळ्या जागेत नेल्या. वर पत्रा कुठून आला ते मला विचारू नका.

रविवारी मला जेवायचं बोलावणं आलं. गडी जेवून गेल्यावर काकीने तात्याला अळणी भात वाढला आणि सवयीने स्वतःच्या ताटातही तोच घेतला. तात्याने बरणी ओढली, चिमूटभर मीठ काढलं, तिच्या भातावर घातलं आणि तिने पहिला घास घेईपर्यंत तो तसाच बसून राहिला.