श्वास रोखून दिलेलं माप

नवी कयाक होडी कशी हवी, याबद्दल एनोकचे विचार अगदी पक्के होते. स्वतःच्या कमरेबद्दल तेवढे नव्हते.

यंदा ग्रीनलंडच्या राष्ट्रीय दिनाला सिसिमिउतच्या बंदरात, सगळ्या गावासमोर, कयाकसकट पाण्याखाली गिरकी मारून वर येईन, अशी बढाई तो सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर मारून बसला होता. सासरे एके काळी असल्या गिरक्यांत नावाजलेले. जावयाला ते आजवर नुसतं ‘नगरपालिकेतला तो’ म्हणत. (तिथे एनोक जन्मनोंदी करी. त्या कामात गिरकी मारायची वेळ कधी येत नसे.)

म्हणून तो बायकोला, पीपालुकला, घेऊन कयाक बांधणाऱ्या माथियास काकांकडे गेला.

“रंग निळा. पाठीला मऊ उशी. आणि कॉफीच्या थर्मासला एक खाच,” एनोकने सांगितलं.

“सोफा हवा असेल तर डेन्मार्कहून मागव,” काका म्हणाले. “माझ्या कयाकमध्ये एक खिळा सापडायचा नाही. सगळी बांधलेली, शिवलेली. अंगाला विजारीसारखी बसली तरच ती तुझ्याबरोबर उलटेल आणि तुझ्याबरोबर सुलटेल. उभा राहा, माप घेतो.”

एनोकने पोट पार पाठीला नेऊन चिकटवलं आणि श्वास रोखला. “लवकर घ्या, काका.”

“निळा रंग कयाकला सांगितलास ना रे?” पीपालुकने त्याच्या तोंडाकडे पाहत विचारलं.

राष्ट्रीय दिनाच्या सकाळी सासूबाईंनी आग्रह करकरून केक वाढले. बंदरावर दोघा मेव्हण्यांनी त्याला खांद्यांवर रेटून कयाकमध्ये बसवला. बसवला म्हणजे ठोकलाच. पण गिरकी काय झाली म्हणता! एक मारायची होती, घाबरून वल्हं जरा जोरात बसलं आणि दुसरीही झाली. टाळ्या थांबेनात. सासरे डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, “जावई माझा.” एनोकला आनंदाने भरून आलं. तेवढीच जागा आत उरली होती, तीही संपली.

“चल, उतर आता,” काठावरून पीपालुक म्हणाली.

“बसतो जरा. हवा छान आहे.”

“एनोक, अडकलायस का?”

“थोडासा. कमरेपासून खाली.”

मेव्हण्यांनी त्याला कयाकसकट खांद्यावर घेतलं आणि सासऱ्यांच्या दिवाणखान्यात आणून ठेवलं. लोक कॉफी पीत रांगेने अभिनंदन करून जात होते, आणि जो तो जाताना त्याच्या हातात केक देत होता.

“त्याला खाऊ घालू नका रे कोणी,” पीपालुक कळवळून सांगत होती.

धाकटा मेव्हणा करवत घेऊन आला. तेवढ्यात माथियास काका आडवे आले. “माझ्या कयाकला हात लावायचा नाही. माणसाचं काय करायचं ते तुम्ही बघा.”

शेवटी सासूबाईंनी भांड्यांचा साबण ओतला, सासऱ्यांनी जातीने काखेत हात घालून ओढलं, आणि एनोक सुटला. विजार आतच राहिली. पाद्रीबाईंनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

काकांनी कयाकवरून हात फिरवला. एक टाका उसवला नव्हता.

“चूक माझीच, काका,” टेबलक्लॉथ गुंडाळून एनोक म्हणाला. “माप देताना मी पोट आत घेतलं होतं.”

“ते सगळेच नवरे घेतात,” काका म्हणाले. “म्हणून मी दोन बोटं जास्त ठेवतो. तुला चार ठेवली होती.”