तक्रारखिडकीवरचे दाजी

या, अशा पुढे सरका, जागा पुष्कळ आहे! ज्याचं काळीज लोण्याचं त्याला खुर्ची कुठली द्यावी, त्याची गोष्ट सांगतो.

दाजींचा मेहुणा माणसाचा स्वभाव पाहून नोकरी सुचवायचा. धंदा कालचा, पण ऐट राजवैद्याची! "दाजी, तुम्ही कनवाळू. तुमची जागा एकच, तक्रारखिडकी! लोक शिव्या देत येतील, हसत जातील!"

दाजी हरखले. कपडे धुण्याच्या मशिनी विकणाऱ्या कंपनीत चिकटलेसुद्धा! साहेबांनी बजावलं, "आठवडाभर बघतो. जमलं तर कायम."

दाजींची बायको इस्पितळात परिचारिका. "तुम्ही कायम झालात ना, की मी रात्रपाळी सोडणार. रात्रीची झोप कशी असते तेच विसरलेय हो!" दाजींच्या डोळ्यांत तिथंच पाणी!

पहिल्याच दिवशी एक आजी कडाडल्या, "तुमच्या मशिनीनं माझ्या लेकाचा सदरा फाडला!"

"फाडणारच हो आजी! मशीन कसली, राक्षसीण ती! घ्या नवी बदलून!"

आजी लोण्यासारख्या वितळल्या. "लेकही तसलाच रे बाबा. साधा फोन करत नाही."

झालं! आधी दाजींचा रुमाल भिजला, मग आजींचा पदर.

बातमी वणव्यासारखी पसरली. रांग पार रस्त्यावर! कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाचा घरमालक. ज्यांनी मशीन घेतलीच नव्हती, तेही तक्रार घेऊन हजर! दाजी सगळ्यांसाठी रडत होते आणि गोदाम रिकामं होत होतं.

शेवटी साहेब तापलेल्या तव्यासारखे आले. "काय चाललंय हे?"

दाजींनी मान वर केली. "साहेब, चेहरा किती उतरलाय! जेवलात का?"

साहेब मटकन बसले. "असं मला बायकोनंसुद्धा कधी विचारलं नाही हो!" आणि जो बांध फुटला, तो कचेरी बंद होईपर्यंत! रांगेतल्या आजी त्यांची पाठ थोपटत होत्या.

डोळे पुसून साहेब म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस लाखात एक!"

दाजींच्या मनात ढोल वाजले. "म्हणजे मी कायम?"

"छे! उद्यापासून येऊ नका, कंपनी बुडेल. घरचा पत्ता मात्र देऊन जा."

आता साहेब रोज संध्याकाळी दाजींकडे येतात. दोघं मनसोक्त रडतात. मेहुणा छाती फुगवून म्हणतो, "बघा, स्वभाव बरोबर ओळखला की नाही?" आणि त्याची बहीण दोघांपुढे चहा ठेवून धावतपळत निघते, रात्रपाळीला.

तेव्हा मंडळी, आज रात्री गादीला पाठ टेकाल, तेव्हा त्या माउलीची तेवढी आठवण काढा!