एस्तेरमावशींची गुळणी

एस्तेरमावशींनी तोंडात पाण्याचा घोट घेतला आणि गिळला नाही, की समजावं, आमच्या गल्लीत कुणाचं तरी काहीतरी चुकलंय.

मिठाची गुळणी धरली असं आपण नुसतं म्हणतो. मावशी खरोखर धरतात, फक्त मीठ वगळून, कारण बीपी आहे. छावणीतल्या आमच्या गल्लीत त्या माझ्या भिंतीला भिंत लावून एकट्या राहतात. दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, रविवारचं चर्च कधी चुकवत नाहीत, आणि खांद्याला कायम पाण्याची बाटली. कुणाबद्दल वाईट बोलायचा मोह झाला की झाकण उघडतं, घोट आत जातो, गालफडं फुगतात. मोह ओसरला की मग गिळायचं. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं ही चैन!

"अहो मावशी, एवढा कसला तो मोह?" मी एकदा विचारलं.

"हव्वेनं फळ खाल्लं ते मागाहून," मावशी म्हणाल्या. "आधी ती सापासंगं गप्पा हाणत बसली. सगळा बखेडा तिथंच झाला. आणि शलमोन राजा काय सांगून गेलाय? तोंड मिटून बसलं तर येडा माणूससुद्धा शहाणा दिसतो. सातशे बायका होत्या त्याला. एवढ्या बायकांच्या घरात राहून जो हे सांगतो, त्याचं ऐकावं बाई."



पण गंमत अशी, की मावशींची जीभ गप्प बसली तरी गाल बसत नाहीत. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला आणि मावशींनी बाटली काढली, की ते दोन मिनिटांत 'आमेन'वर येतात. समोरच्यांच्या नव्या सुनेला बघून एकदा गाल फुगले, तर सासूनं तिला आत नेऊन साडीच बदलायला लावली. मावशींना वाटतं, आपण मोह जिंकला. गल्ली मात्र त्या गालांवरून निकाल लावून मोकळी होते.

हे सगळं मी चारचौघांत हसून सांगायचे. माझ्या घरावर बेतेपर्यंत.

माझ्या मेघाला फुलंब्रीचं स्थळ आलं. मुलगा शेंद्र्याला कंपनीत, मेघाला मनापासून आवडलेला. दोघं फोनवर बोलायलाही लागली होती. एका दुपारी मुलाची आई मला न कळवता मावशींकडं चौकशीला येऊन गेली. लोक करतातच असं. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन, "थोडं थांबू या म्हणतात." मेघा जेवेना. मी मध्यस्थाला धारेवर धरलं, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "मुलीचं विचारलं तर तुमच्या शेजारणीनं लई चांगलं सांगितलं. मग मुलीच्या आईचं विचारलं. तर त्यांनी तोंडात पाणी घेतलं. चहा गार झाला, तरी गिळलं नाही."

मी अनवाणीच मावशींच्या दारात. "काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

"अगं, एक शब्द नाय बोलले मी!"

"बोलला असतात तर परवडलं असतं! आता त्यांना वाटतंय, मी सासूला विष घातलं!"

मावशींचा हात बाटलीकडं गेला, आणि झाकण न उघडताच मागं आला. म्हणाल्या, "उद्या सकाळची यष्टी. तू पण चल."

फुलंब्रीला त्यांच्या बैठकीत गेलो, तर मावशींनी खांद्याची बाटली काढून माझ्याच हातात दिली. "घोट घे. माझं होईस्तोवर गिळायचं नाय." घेतला. करते काय! आणि मावशी सुटल्या.

"ही बाई एक नंबरची भांडकुदळ हाय. नळ आला की मोटार लावून आधी आपली टाकी भरती. माझ्या शेवग्याची पानं हिच्या अंगणात पडली, की माझा उद्धार करती." माझ्या अंगाची लाही लाही होत होती, पण तोंडात पाणी! "पण मला डेंगू झाला तवा अकरा दिवस हिनंच पेज आणली. वर दमदाटी, पिता का ओतू डोक्यावर? बाथरूमला धरून हिनंच नेलं. हिची पोरगी हाय ती. आता तुमचं तुम्ही बघा."

मुलाची आई पदरात तोंड घालून हसली. "आमच्यात बी भांडकुदळ मीच हाय," ती म्हणाली. "जमंल." मी घाईघाईनं गिळलं आणि ठसका लागला. पाठीत धपाटे विहीणबाईंनीच घातले.

परतताना मावशी यष्टीत खिडकीशी बसल्या. मी म्हटलं, "एवढं चांगलं बोलता येतं, तर बोलत का नाही हो?"

"वाईट आधी येतं ना तोंडात," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेला एकदाच बोलले. खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पोरगा तिला घेऊन नाशिकला गेला. सहा वर्षं झाली. नातू झालाय म्हणं. माफीची तीन पत्रं टाकली, तशीच परत आली."

इतकी वर्षं मी यांच्या गालांवर लोकांना हसवत आले होते.

त्यांनी माझा हात धरला. "मेघाची पत्रिका छापशील, तवा एक नाशिकला टाक. तुझ्या नावानं. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की ते फोडत नायत."

"टाकते ना मावशी. सगळ्यांची नावं सांगा, नीट घालते."

त्यांनी पोराचं नाव सांगितलं, सुनेचं सांगितलं, आणि थांबल्या.

"नातवाचं ठाऊक नाय गं मला. तू सहकुटुंब लिही."