जरासंच काढतो

उत्रोलीतल्या आमच्या आळीत घरटी एक तरी पाट नानांनी दिलेला आहे. आणि त्यातला एकही पाट त्यांनी पाट म्हणून करायला घेतला नव्हता. सगळी स्टुलं होती बिचारी!

नाना आमच्या शेजारचे, एसटीतले रिटायर कंडक्टर. या वयात माणसं भजनाला बसतात, हे सुतारकामाला बसले. कारण त्यांची बायको, मालनकाकी. काकींचे गुडघे गेलेले. खाली बसलं की उठवेना, खुर्चीवर बसलं की पडवीतल्या चुलीपर्यंत हात पोचेना. आणि गॅसवर भाकरी करायची म्हणजे काकींना मरणच. नानांनी त्यांना विटा रचून त्यांवर बसवलं, नेमकी उंची सापडली तिथं सुतळीला गाठ मारली आणि सुतळी खिशात टाकली.

हत्यारं म्हणाल तर भंगारातली करवत आणि मागून आणलेला रंधा. लाकूड कापूरहोळच्या गॅरेजांमागं फेकलेल्या खोक्यांचं, एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे. माझी दुपारची झोप त्या ठणठणाटानं खाल्ली! गुरू म्हणजे मोबाईल. त्यातला माणूस हिंदीत काहीतरी सांगायचा आणि नाना त्याला "व्हय, व्हय" म्हणायचे.

स्टूल झकास व्हायचं. चुलीपुढं ठेवलं की मात्र डुगडुगायचं. "ह्यो पाय लांब झालाय. जरासंच काढतो." मग दुसरा पाय लांब वाटायचा. पुन्हा जरासंच. संध्याकाळपर्यंत स्टुलाचा पाट. काकी त्यावरही बसायच्या, "बरं झालंय की," म्हणायच्या आणि उठताना भिंत धरून ओठ चावायच्या. नानांना ते दिसायचं. पाट आळीत कुणाच्या तरी घरी जायचा आणि नवं स्टूल सुरू.

यंदा भातलावणीच्या दिवसांत तापाचं निमित्त झालं आणि काकी गेल्या. तेरावं झालं, चौदाव्या दिवशी भिंतीपलीकडं पुन्हा ठणठण. खरं सांगते, मला संतापच आला. आता कुणासाठी, म्हणून जाऊन विचारलंच.

"तिनं माप दिलंय न्हवं," नाना म्हणाले.

परवा ते नवं स्टूल काखेत घेऊन आमच्याकडं कानस मागायला आले. करवतीची धार गेली होती. "डुगडुगतंय. जरासंच काढायचंय," म्हणत त्यांनी स्टूल आमच्या फरशीवर टेकवलं.

ते हललं नाही. नानांनी चारी बाजूंनी दाबून पाहिलं. मी बसून पाहिलं. जागचं हलेना.

"नाना, स्टुलाचं काही चुकलेलं नाही. तुमची पडवी मातीची, तीच उंचसखल आहे."

नानांनी वाकून फरशीवरून हात फिरवला.

"म्हंजी पयलंच बरूबर हुतं?"

कानस न घेताच ते स्टूल उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी ठणठण नाही. माझ्या जिवाला घोर लागला. जाऊन बघते तर नाना चुलीपुढं माती चोपत बसलेले, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले.

"सूनबाई, सारवायचं कसं, दाखीव की. तिचा हात कसा फिरायचा, म्या कवा बघितलंच न्हाई."

मी पदर खोचून बसले आणि दाखवलं. वाळल्यावर त्यांनी स्टूल ठेवलं, सुतळी लावली. गाठ बरोबर बैठकीशी आली. स्टूल हललं नाही.

"जरासंच भरायचं हुतं गं," नाना म्हणाले. "आन् म्या काढतच बसलो."